‘कशावरून?’ : लहान मुलांना न लिहिलेलं वाचायला कसं शिकवावं

आधी ही दोन वाक्यं वाचा.

‘दप्तर कोपऱ्यात टाकून सुमन आईकडे न बघताच आतल्या खोलीत गेली. आईने तव्यावरची पोळी उतरवली आणि गॅस बंद केला.’

सुमन शाळेतून आली, तिचं काहीतरी बिनसलं आहे, आईच्या ते लक्षात आलं आहे आणि हातातलं काम सोडून ती आता सुमनकडे जाणार आहे. यातलं एकही वाक्य वर लिहिलेलं नाही, तरी तुम्हाला ते कळलं. सात-आठ वर्षांची बरीच मुलं हीच वाक्यं खणखणीत आवाजात, एकही चूक न करता वाचतात. ‘आईने गॅस का बंद केला?’ असं विचारलं की सांगतात, ‘पोळ्या झाल्या म्हणून.’

हे उत्तर मूर्खपणाचं नाही. त्या मुलाने फक्त दुसरं वाक्य पाहिलं, पहिल्याशी त्याचा सांधा जुळवला नाही. असे सांधे जुळवणं म्हणजे अनुमान करणं, आणि ते शिकवता येतं. आपल्याकडे मात्र वाचन येतं की नाही हे बहुधा अक्षरं, जोडाक्षरं आणि वेग यांवरून ठरतं. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं. त्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. घड्याळ लावून ६० शब्द मोजणं सोपं, म्हणून शाळा ते मोजतात. ‘अर्थ समजून’ हे दोन शब्द मोजायला अवघड, म्हणून ते मागे पडतात. हा लेख त्या दोन शब्दांसाठी आहे. पहिली ते चौथीच्या नव्या शिक्षकांना आणि घरी मुलांसोबत पुस्तक घेऊन बसणाऱ्या पालकांना तो उपयोगी पडावा.

पहिली पायरी : पुस्तक तुम्ही वाचा, विचार मुलाला करू द्या

मूल अजून ‘ष्ट’ आणि ‘र्‍या’पाशी अडखळत असेल तर त्याच्या स्वतःच्या वाचनावर अनुमानाचे प्रश्न विचारू नका. सगळी शक्ती अक्षरं उलगडण्यात जात असताना अर्थाकडे लक्ष द्यायला काही उरत नाही. गोष्ट तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. चार-पाच वर्षांच्या मुलासोबतही हे काम सुरू करता येतं, कारण त्याला वाचता येत नसलं तरी अनुमान चांगलं करता येतं. संध्याकाळी बेल वाजली की ‘बाबा आले’ म्हणून ते दाराकडे धावतं. आजीने चष्मा शोधायला घेतला की आता पेपर वाचणार हे त्याला कळतं. आपल्याला नवीन कौशल्य शिकवायचं नाहीये, रोजच्या जगण्यातलं हेच कौशल्य पुस्तकापर्यंत न्यायचं आहे.

कोडी घालणं ही त्याची उत्तम पूर्वतयारी. ‘तिखट मीठ मसाला, चार शिंगं कशाला?’ याचं उत्तर लवंग. उत्तर आलं की तिथे थांबू नका. शिंगं म्हणजे काय, तिखट का म्हटलं, हे एकेक विचारा. दिलेल्या खुणा आणि आपल्याला आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट एकत्र आणायची ही सवय कोड्यांमुळे आपोआप लागते.

दुसरी पायरी : चित्रावर दोन वेगळे प्रश्न

कुठलंही चित्र घ्या. दाराबाहेर चपलांचे सहा-सात जोड, आत सतरंजी अंथरलेली, एक बाई ट्रेमध्ये कप घेऊन येते आहे. ‘काय दिसतं?’ हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर बोट ठेवून द्यायचं. ‘त्यावरून काय कळतं?’ हा दुसरा. त्याच्या उत्तरावर बोट ठेवता येत नाही, पण ज्यावरून ते कळलं त्यावर ठेवता येतं.

मुलं पहिल्या प्रश्नालाच ‘पाहुणे आलेत’ म्हणतात. तेव्हा त्यांना पाहुणे दाखवायला सांगा. चित्रात पाहुणे कुठेच नाहीत, फक्त चपला आहेत. दिसणं आणि कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलाला एकदा नीट उमगलं की पुढचं काम निम्मं सोपं होतं. म्हणून इथे घाई करू नका, हवे तितके दिवस नुसत्या चित्रांवर घालवा.

तिसरी पायरी : स्वतःचा विचार ऐकवा

तुम्ही अनुमान मनातल्या मनात करता. ते मुलाला दिसत नाही, त्याला फक्त तुमचं उत्तर ऐकू येतं. म्हणून वाचता वाचता थांबून बोलून दाखवा. ‘थांब हं. इथे म्हटलंय की रामूने छत्री झटकून कोपऱ्यात ठेवली. झटकली, म्हणजे छत्री ओली असणार. मग बाहेर पाऊस पडत असेल.’ नंतर एक-दोन पानांनी, ‘अरे, इथे तर ऊन पडलंय असं लिहिलंय. म्हणजे पाऊस थांबला.’

एका गोष्टीत दोन-तीनदाच असं थांबा. प्रत्येक वाक्याला थांबलात तर गोष्ट मरते, आणि गोष्टीची गोडी गेली की बाकी कशालाच अर्थ राहत नाही.

चौथी पायरी : ‘कशावरून?’

या लेखातली एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर हा शब्द घ्या. मुलाने काहीही सांगितलं, चूक असो की बरोबर, शांतपणे, खऱ्या कुतूहलाने विचारायचं, ‘कशावरून?’ भोपळ्यात बसून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. लेकीकडे जाताना वाटेत वाघ भेटतो आणि म्हातारी त्याला म्हणते, लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. यावर संवाद साधारण असा होतो.

‘म्हातारी असं का म्हणाली?’

‘तिला जाड व्हायचं होतं.’

‘वाघाने आपल्याला खावं असं तिला खरंच वाटत होतं का?’

‘नाही!’

‘कशावरून?’

‘येताना ती भोपळ्यात लपून बसली ना.’

म्हातारीने वाघाला फसवलं असं गोष्ट कुठेही सांगत नाही. मुलाने शेवटाकडची खूण उचलली, सुरुवातीच्या बोलण्याला लावली आणि म्हातारीच्या मनातलं ओळखलं. ‘म्हातारी कशी होती? हुशार!’ असं आपणच सांगून टाकलं असतं तर त्याला विशेषण मिळालं असतं, विचार मिळाला नसता.

एक काळजी घ्या. आपल्या घरांत आणि वर्गांत ‘कशावरून?’ हा प्रश्न उत्तर चुकलं असेल तेव्हाच येतो. मग मूल लगेच उत्तर बदलतं. बरोबर उत्तरालाही तोच प्रश्न, त्याच आवाजात विचारत राहिलात तर काही दिवसांत ही भीती जाते.

पाचवी पायरी : छोटे शब्द पकडा

मला सर्वात जास्त या पायरीबद्दल सांगायचं आहे, कारण इंग्रजीवरून आणलेल्या प्रशिक्षणांत आणि तक्त्यांत ती सापडत नाही. मराठी वाक्यात न सांगितलेली बरीचशी गोष्ट एखाद्या चिमुकल्या शब्दात दडलेली असते. मुलं तो शब्द उच्चारतात आणि पुढे जातात.

‘बाबांचा फोन आला.’ आणि ‘बाबांचा एकदाचा फोन आला.’ दुसऱ्या वाक्यात सगळं घर फोनची वाट पाहत होतं, कदाचित काळजीतही होतं. ‘दादाने भांडी घासली.’ आणि ‘दादाने चक्क भांडी घासली.’ म्हणजे दादा एरवी भांड्यांना हात लावत नाही. ‘आजीसुद्धा हसली’ म्हटलं की आजीच्या आधी इतर लोक हसलेले असतात, आणि आजी सहसा हसत नाही असंही वाटतं. ‘शेजारी म्हणे पाहुणे आलेत’ असं सांगणाऱ्याने पाहुणे स्वतः पाहिलेले नाहीत.

शिकवण्याची पद्धत अगदी साधी आहे. वाक्य फळ्यावर लिहा, तो एक शब्द हाताने झाका, वाचून घ्या. मग हात काढा, पुन्हा वाचून घ्या. ‘आता काय जास्त कळलं?’ एवढंच विचारा. रोज एक शब्द पुरे. ‘पुन्हा’, ‘तरीही’, ‘शेवटी’, ‘नेमका’, ‘मात्र’, ‘बिचारा’, आणि शब्दाला चिकटणारा ‘च’. अशा शब्दांची यादी मुलांनाच भिंतीवर वाढवत नेऊ द्या.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचा एक खेळ जरूर घ्या. ‘ताई म्हणाली, “आम्ही उद्या जत्रेला जाणार.” छोटूचा चेहरा पडला.’ का पडला? ताई ‘आपण’ म्हणाली असती तर? पहिलीतलं मूलही हे झटकन ओळखतं, कारण घरात हा अनुभव त्याने घेतलेला असतो.

ब्रिटनमध्ये निकोला युइल आणि जेन ओकहिल या संशोधिकांनी १९८८ साली असंच काहीसं काम केलं. वाचता येतं पण समजत नाही अशा सात-आठ वर्षांच्या मुलांना त्यांनी एका वाक्यातल्या एकेका शब्दावरून काय काय कळतं ते शोधायला शिकवलं, मजकुरावर स्वतः प्रश्न तयार करायला लावले, झाकलेल्या भागात काय असेल ते ओळखायला सांगितलं. मोजक्याच तासिकांत या मुलांचं आकलन सुधारलं. मराठीत करून पाहायचं तर हे वाक्य घ्या : ‘मन्या आज पुन्हा डबा न उघडताच घरी आला.’ ‘पुन्हा’ म्हणजे हे आधीही झालंय. ‘डबा’ म्हणजे बहुधा शाळेतून आला. ‘न उघडताच’ म्हणजे एक घासही खाल्ला नाही. इथपर्यंत सगळ्यांची उत्तरं सारखी येतील. मग ‘का बरं?’ विचारा. भाजी आवडली नसेल, पोट दुखत असेल, सोबत डबा खायला कुणी नसेल. ही सगळी उत्तरं शक्य आहेत, पण वाक्य त्यातलं एकही पक्कं करत नाही. ‘हे नक्की कळलं’ आणि ‘हे असू शकतं’ असे दोन ढीग मुलांना वेगळे करू द्या.

सहावी पायरी : ‘तो’ कोण, ‘ते’ कोण

हे अनुमान इतकं छोटं आहे की आपण ते शिकवायचं विसरतो. ‘आजोबा आणि नातू बाजाराला निघाले. वाटेत त्यांना धाप लागली, म्हणून तो थांबला.’ ‘त्यांना’ म्हणजे दोघांना की फक्त आजोबांना? मराठीत आदरार्थी रूप आणि अनेकवचन सारखंच दिसतं, त्यामुळे मुलाला धाप कुणाला लागेल याचा विचार करावा लागतो. ‘तो’ म्हणजे नातू, कारण आजोबांना ‘तो’ म्हणत नाहीत. आणि धाप आजोबांना लागली असताना नातू का थांबला? इथे नातवाचा स्वभाव कळतो.

आणखी एक : ‘राधाने पिल्लाला दूध दिलं. ते प्यायलं आणि तिच्या पायाशी झोपलं.’ दूधही ‘ते’, पिल्लूही ‘ते’. ‘झोपलं’पाशी पोचल्यावर शंका फिटते. मुलांना अशा प्रत्येक सर्वनामापासून त्याच्या नावापर्यंत पेन्सिलने बाण काढायला सांगा. कथेच्या एकाच परिच्छेदावर हे करा. दहा मिनिटांत कुणाचा धागा कुठे तुटतो हे तुम्हाला स्वच्छ दिसेल.

सातवी पायरी : मत बदलायला शिकवा

काही मुलं पहिला अंदाज बांधतात आणि मग पुस्तक काहीही सांगो, त्यालाच धरून बसतात. यासाठी एकेक वाक्य उघडत जायचं.

‘काकांनी पिशवी घट्ट धरली होती.’ पिशवीत काय असेल? पैसे, म्हणतील.

‘पिशवी मधूनच हलत होती.’ आता? मांजरीचं पिल्लू, कोंबडी.

‘घरी पोचताच काकूने मसाला वाटायला घेतला.’ आता?

प्रत्येक टप्प्यावर विचारा, ‘तेच ठेवायचं की बदलायचं? कोणत्या शब्दामुळे?’ अंदाज बदलणाऱ्या मुलाचं मोकळेपणाने कौतुक करा. पहिल्याच झटक्यात बरोबर ओळखणाऱ्यापेक्षा त्याने जास्त काम केलेलं असतं.

रत्नागिरीच्या किंवा पालघरच्या वर्गात दुसऱ्याच वाक्याला ‘चिंबोऱ्या!’ असा ओरडा होईल. पुण्यातल्या एखाद्या वर्गात तिसऱ्या वाक्यानंतरही कुणाला खेकडे सुचणार नाहीत. त्या मुलांची बुद्धी कमी नाही, त्यांनी जिवंत खेकड्यांची पिशवी पाहिलेली नाही. इथून पुढची पायरी सुरू होते.

आठवी पायरी : आधी माहिती, मग अनुमान

‘आभाळ भरून आलं तशी आजी गच्चीकडे धावली.’ एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पापड-कुरडयांचं वाळवण घातलेलं असतं हे माहीत असेल तरच हे वाक्य उलगडतं. टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला ते माहीत नसतं, न्यू जर्सीतल्या रविवारच्या मराठी शाळेत येणाऱ्या मुलाला तर नाहीच. त्याला ‘नीट विचार कर’ सांगून काही होत नाही.

अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनीही १९८८ सालीच एक प्रयोग केला. त्यांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे क्रिकेट घ्या. ‘शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या आणि त्याने डोळे मिटून घेतले’ हे क्रिकेट न पाहणाऱ्याला काय कळणार?

म्हणून गोष्ट उघडण्याआधी दोन मिनिटं तिच्या जगाबद्दल बोला. वाळवणाचा फोटो दाखवा, शक्य असेल तर पापड हातात द्या. शेती, बोटी, पाळणाघर, लोकल, जे काही गोष्टीत असेल ते. एरवीही माहितीची पुस्तकं वाचून दाखवा, आपण गोष्टींच्या पुस्तकांवरच फार भर देतो. परदेशातल्या मुलांनी उत्तर इंग्रजीत दिलं तर देऊ द्या, विचार पूर्ण होऊ द्या, मग तेच उत्तर मराठीत आणायला मदत करा. या मुलांना नामं बरीच येतात, पाचव्या पायरीतले छोटे शब्द मात्र निसटतात, म्हणून ती पायरी त्यांच्यासोबत अधिक वेळ घ्या.

उत्तरं चुकली तर

चुका साधारण ठराविक असतात. मूल पुस्तकातलं वाक्यच परत म्हणून दाखवतं, तेव्हा म्हणा, ‘बरोबर, हे लिहिलंय. आता यावरून न लिहिलेलं काय कळतं?’ मूल कल्पनेत भरकटतं, आजी गच्चीकडे धावली कारण तिथे राक्षस होता, तेव्हा हसू नका, रागावूही नका. ‘राक्षसाची खूण पुस्तकात कुठे आहे, दाखव’ म्हणा. ते शोधेल आणि सापडली नाही की स्वतःच राक्षस सोडून देईल. कधी खूण खरंच सापडते, आणि तेव्हा आपल्याला आपलं उत्तर बदलावं लागतं. ते मुलासमोर उघडपणे बदला.

‘सगळीच उत्तरं छान’ असं मात्र म्हणू नका. हल्ली हे फार ऐकू येतं आणि मला ते घातक वाटतं. ज्या उत्तराला मजकुराचा आधार आहे ते आणि ज्याला नाही ते, यांतला फरक मुलाला कळलाच पाहिजे.

मोठ्या वर्गात

पस्तीस-चाळीस मुलांत प्रत्येकाला ‘कशावरून?’ विचारणं शक्य नाही. प्रश्न टाका, शेजारच्याशी एक मिनिट बोलू द्या, मग तीन-चार जोड्यांना विचारा. फळ्यावर तीन रकाने कायम असू द्या : काय लिहिलंय, आपल्याला आधीच काय माहीत आहे, मग काय कळलं.

पाठाखालचे नेहमीचे स्वाध्यायही वापरता येतात. ‘कोण कोणास म्हणाले?’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि मुलं त्याचं उत्तर पाठ करतात. त्याला एक शेपूट जोडा, ‘आणि कसं म्हणाले असेल? रागाने, घाबरून, लाडाने? तसं म्हणून दाखव.’ म्हणून दाखवायचं तर आधी त्या पात्राचं मन ओळखावं लागतं, आणि जे मूल लिहिण्यात मागे असतं ते इथे पुष्कळदा पुढे येतं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ टॅफी राफाएल यांनी मुलांना प्रश्नच ओळखायला शिकवण्याची पद्धत बसवली : उत्तर मजकुरात जसंच्या तसं आहे, की शोधून जुळवायचं आहे, की आपल्या डोक्यातलंही घालायचं आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना स्वाध्यायातले प्रश्न सोडवण्याआधी असे वेगळे करायला लावा. उत्तर नुसतं उतरवून काढायची सवय त्याने कमी होते.

पुस्तकं विकत घेणं जमत नसेल तर ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पायरीनुसार लावलेल्या, विनामूल्य आहेत. चित्र आणि मजकूर यांत थोडं अंतर असलेल्या गोष्टी निवडा. चित्रात सगळंच दिसत असेल तर ओळखायला काही राहत नाही.

प्रगती कशी ओळखावी

महिन्या-दीड महिन्याने मुलाने न ऐकलेली छोटी गोष्ट घ्या. पाच प्रश्न काढा, दोन बोट ठेवता येणारे, तीन न येणारे. बरोबर उत्तरांच्या संख्येपेक्षा मूल ‘कारण’ किंवा ‘म्हणजे’ हे शब्द न विचारता वापरतं का, ते पाहा. ‘मला वाटतं’ म्हणतं का, मागचं पान उलटून पाहतं का, हेही टिपून ठेवा.

आणि एखाद्या दिवशी तुम्ही वाचत असताना मुलाने मध्येच थांबवून ‘पण मग त्याला कसं कळलं?’ असं विचारलं, तर पुढचं वाचन थांबवा. मागची पानं मुलाच्या हातात द्या आणि उत्तर त्याच्यासोबत शोधा. तुम्ही ठरवून आणलेले प्रश्न त्या दिवशी राहिले तरी चालतील.